नाळ कधी कापायची: बाळ बाहेर आल्यापासूनची पहिली तीन मिनिटे

बाळ पूर्ण बाहेर आले, त्या क्षणी त्याचे सगळे रक्त त्याच्या अंगात नसते. दिवस भरलेल्या बाळाचे जवळपास एक तृतीयांश रक्त तेव्हा वारेत (प्लासेंटामध्ये) आणि नाळेत असते. नाळ लगेच चिमटली तर ते वारेबरोबर ट्रेमध्ये जाते. थांबलो तर पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांपर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे येते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. त्या हिशेबात ८० मिलिलिटर किती मोठे, हे वेगळे सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ एक मिनिटाच्या आत कापू नये, १ ते ३ मिनिटांच्या दरम्यान कापावी. प्रसूती करणाऱ्या बहुतेकांना हे पाठ असते. तरीही विसाव्या सेकंदाला हात क्लॅम्पकडे (नाळ बंद करण्याच्या चिमट्याकडे) जातो, कारण वर्षानुवर्षांची सवय तशी आहे आणि त्या मिनिटात नेमके कोणी काय करायचे हे आधी ठरलेले नसते. पुढची माहिती मुख्यतः प्रसूतिगृहात काम करणाऱ्यांसाठी आहे. घरच्यांनी काय विचारावे, तेही पुढे आहे.

आत काय चाललेले असते

गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्यांच्यात रक्त अगदी थोडे जाते. हृदयाच्या डाव्या बाजूला जे रक्त पोचते, त्यातला मोठा वाटा नाळेच्या शिरेतून आलेला असतो. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या खुलतात, तिथला प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि फुप्फुसांतून परतणारे रक्त डाव्या बाजूला मिळू लागते. नाळेचे काम फुप्फुसे उचलतात ते असे.

आता समजा, श्वास सुरू होण्याआधीच नाळ बंद केली. नाळेतून येणारे रक्त थांबले आणि फुप्फुसांतून येणारे अजून सुरू झालेले नाही. मधल्या वेळात हृदय अर्धवट भरते, ठोके मंदावतात, रक्तदाब आधी वर जातो आणि मग घसरतो. कोकरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. म्हणून ‘एक मिनिट’ ही खालची मर्यादा समजायची. खरी खूण आहे ती बाळाचा श्वास नीट सुरू झाला का, ही. आधी श्वास, मग क्लॅम्प.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. धमन्या बाळाकडून वारेकडे रक्त नेतात, शीर वारेकडून बाळाकडे आणते. जन्मानंतर धमन्या आधी आकसतात, शीर जास्त वेळ उघडी राहते, त्यामुळे गोळाबेरीज बाळाच्या पदरात पडते. गर्भाशयाचे आकुंचनही वारेतले रक्त पुढे ढकलते. नाळ ताणली गेली, गार पडली किंवा सारखी हाताळली गेली, तर वाहिन्या लवकर मिटतात.

या जादा रक्ताबरोबर ३० ते ५० मिलिग्रॅम लोहही बाळाला मिळते. आईच्या दुधात लोह कमी असते, म्हणून पहिले सहा महिने बाळ या साठ्यावर काढते. स्वीडनमध्ये ४०० बाळांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाची नाळ १० सेकंदांच्या आत आणि दुसऱ्याची तीन मिनिटांनंतर बंद केली होती. चार महिन्यांनी लोहाची कमतरता पहिल्या गटात ५.७ टक्के आणि दुसऱ्यात ०.६ टक्के बाळांमध्ये आढळली. लोह मेंदूच्या वाढीला लागते, त्यामुळे ही बाब रक्तातल्या एका आकड्यापुरती राहत नाही.

आधीची तयारी

थांबणे फसते ते बहुतेक वेळा तयारीतच. कळा जोर धरायच्या आधी हे सगळे हाताशी असू द्या: दोन कोरडे उबदार टॉवेल, टोपी, दोन आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी चिमटून धरणारे चिमटे), प्लॅस्टिकचा कॉर्ड क्लॅम्प, निर्जंतुक कात्री, १० युनिट ऑक्सिटोसिन (आईचा रक्तस्राव रोखणारे औषध) भरलेली सिरिंज, हातमोज्यांचा जादा जोड आणि बाळाला हवा देण्यासाठी योग्य मापाच्या मास्कसह बॅग. बॅग नुसती ठेवून भागत नाही. मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग पिळा. हाताला दाब लागला पाहिजे आणि जोरात पिळल्यावर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. खोलीचे तापमान किमान २५ अंश ठेवा आणि पंखा बंद करा.

सेकंद दाखवणारे घड्याळ टेबलावरून दिसेल असे लावा आणि वेळ मोठ्याने सांगण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्या. हे बारीकसारीक वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. ओले बाळ समोर असताना एक मिनिट फार लांब वाटते. अंदाजाने ‘झाले की मिनिट’ म्हणणारे पुष्कळदा तीस-चाळीस सेकंदांवरच असतात.

सेकंदागणिक कृती

वेळ मोजायची ती संपूर्ण शरीर बाहेर आल्यापासून. डोके दिसल्यापासून मोजली तर खांदे बाहेर येईपर्यंतचा वेळ फुकट धरला जातो. पाय बाहेर आले की जन्मवेळ मोठ्याने सांगा आणि घड्याळ सुरू करा.

बाळ सरळ आईच्या पोटावर ठेवा. जास्तीचे रक्त यावे म्हणून त्याला आईच्या पातळीच्या खाली धरून ताटकळण्याची गरज नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत योनिमार्गाच्या पातळीवर धरलेल्या आणि आईच्या पोटा-छातीवर ठेवलेल्या बाळांच्या वजनात दोन मिनिटांत पडलेली भर जवळजवळ सारखीच होती. नाळ आखूड असेल तर पोटाच्या खालच्या भागावर, जिथे ती ताणणार नाही तिथे ठेवा.

पहिल्या तीस सेकंदांत डोके, चेहरा, पाठ, हातपाय जोमाने पुसा. पुसणे हेच उत्तेजन असते. ओला टॉवेल लगेच बाजूला टाका, बाळाला आईच्या उघड्या अंगाला टेकवा, वरून दुसरा कोरडा टॉवेल आणि डोक्याला टोपी. नाक-तोंड सवयीने सक्शन करू नका, म्हणजे नळीने ओढून साफ करू नका. रडणाऱ्या बाळाला त्याची गरज नसते आणि घशात नळी घातल्याने ठोके मंदावू शकतात. पुसता पुसता छातीकडे लक्ष ठेवा. रडले तर उत्तमच, पण न रडताही छाती नियमित वरखाली होत असेल तर ते बाळ व्यवस्थित आहे.

आता आईकडे वळा. पोट चाचपून दुसरे बाळ नाही याची खात्री करा आणि मिनिटभरात ऑक्सिटोसिन मांडीत द्या. त्यासाठी नाळ कापलेली असावी लागत नाही.

मग थांबा. बाळाच्या पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर अंगठा आणि तर्जनीत नाळ अलगद धरली की ठोके लागतात. मूठ आवळून धरू नका, तीच क्लॅम्पचे काम करून जाईल. नाळ बाळाच्या पायाखाली दबलेली नाही ना, तेही पाहा. सुरुवातीला नाळ फुगीर, निळसर आणि पिळदार दिसते. रक्त गेल्यावर ती पांढुरकी, चपटी आणि लुळी पडते. ठोके थांबले म्हणजे प्रवाह संपलाच असे मात्र नसते. डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राने) पाहिले तेव्हा ठोके हाताला लागेनासे झाल्यावरही काही बाळांमध्ये प्रवाह चालू होता. म्हणून चाळिसाव्या सेकंदाला ठोके लागले नाहीत तरी मिनिट पूर्ण होऊ द्या, आणि घाई नसेल तर तीन.

कापताना

बाळ हाती घेणारी आणि नाळ कापणारी व्यक्ती एकच असेल तर सुरुवातीला दोन जोड हातमोजे घालावेत आणि नाळेला हात लावण्याआधी वरचा जोड काढून टाकावा. प्लॅस्टिकचा क्लॅम्प बाळाच्या पोटापासून २ सेंटिमीटरवर लावा. लावण्याआधी नाळेचे बूड नीट पाहा. ते नेहमीपेक्षा जाड असेल तर आत आतड्याचा पदर उतरलेला असू शकतो, तेव्हा क्लॅम्प बराच पुढे लावा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटाची कातडी चिमट्यात येऊ देऊ नका.

क्लॅम्प लागल्यावर तिथून वारेच्या दिशेने बोटांनी थोडे रक्त सरकवा, म्हणजे कापताना उडत नाही. पोटापासून ५ सेंटिमीटरवर फोर्सेप्स लावा आणि दोघांच्या मध्ये, क्लॅम्पच्या बाजूला कापा. कापलेल्या टोकावर दोन धमन्या आणि एक शीर मोजा. धमन्या बारीक, जाड भिंतीच्या, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या असतात, शीर मोठी आणि पातळ भिंतीची. धमनी एकच दिसली तर तशी नोंद करा.

पुढे दर पंधरा मिनिटांनी टोकाकडे नजर टाका. नाळेतला चिकट गर सुकला की ती बारीक होते, आणि क्लॅम्पऐवजी दोरा बांधला असेल तर त्याची गाठ सैल पडते. रक्त झिरपताना दिसले तर पोट आणि पहिल्या गाठीच्या मध्ये दुसरी बांधा. टोक कोरडे आणि लंगोटाच्या बाहेर ठेवायचे, त्यावर काहीही लावायचे नाही.

नाळ मानेभोवती असेल तर

डोके बाहेर आल्यावर मानेभोवती बोट फिरवा. नाळ सैल असेल तर डोक्यावरून काढा किंवा खांद्यांवरून सरकवा. घट्ट असेल तर पूर्वी तिथेच दोन फोर्सेप्स लावून कापत असत. ही सवय सोडायला हवी. नाळ कापली आणि खांदा अडकला, तर बाळाचा एकमेव पुरवठा आपणच तोडलेला असतो. त्याऐवजी खांदे येताना बाळाचे डोके आईच्या मांडीशी टेकवून ठेवा आणि अंग कोलांटी घेतल्यासारखे बाहेर येऊ द्या. मग वेढे सोडवा. फार क्वचित, जेव्हा दुसरा मार्गच उरत नाही, तेव्हाच तिथे कापावे.

अशी बाळे बऱ्याचदा फिकी आणि मलूल येतात. नाळ आवळली की पातळ भिंतीची शीर आधी दबते, धमन्या वाहत्या राहतात. रक्त वारेकडे जाते, परत येत नाही. म्हणजे थांबण्याची सर्वांत जास्त गरज असलेले बाळ हेच, आणि घाबरून सर्वांत लवकर नाळ कापली जाते तीही याचीच.

सिझेरियनमध्ये

इथेही किमान ६० सेकंद थांबता येते, फक्त सगळ्यांचे आधी बोलणे झालेले हवे. बाळाला आईच्या मांड्यांवर, निर्जंतुक ड्रेपवर (अंगावर पसरलेल्या कापडावर) ठेवा. उंच धरून दाखवत बसू नका, त्यात नाळ ताणली जाते. निर्जंतुक उबदार टॉवेल ट्रॉलीवर आधीच असायला हवा, कारण ऑपरेशन थिएटर थंड असते आणि बाळ ओले. एक जण बाळ पुसतो, तोवर सर्जन गर्भाशयाच्या कापलेल्या कडांना फोर्सेप्स लावून रक्तस्राव आवरतो. भूलतज्ज्ञ ऑक्सिटोसिन सुरू करतो आणि परिचारिका सेकंद सांगते. दिवस भरलेल्या नियोजित सिझेरियनच्या ११३ स्त्रियांवरील चाचणीत ६० सेकंद थांबल्याने आईचे हिमोग्लोबिन जास्त उतरले नाही.

दिवस न भरलेले बाळ

लवकर जन्मलेल्या बाळासाठी थांबणे हा जिवाचा प्रश्न आहे. २०२३ साली २० चाचण्यांतल्या ३,२६० मुदतपूर्व बाळांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा नाळ उशिरा बंद केलेल्या गटात मृत्यूची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. ३७ आठवड्यांच्या आतले बाळ श्वास घेत असेल तर किमान ६० सेकंद थांबा.

इथे चुकते ते उबेच्या बाबतीत. नाळेकडे लक्ष राहते आणि बाळ गार पडते. ३२ आठवड्यांच्या आतले बाळ न पुसता लगेच मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, डोके पुसून टोपी घाला, खाली गरम गादी असेल तर ती वापरा. काखेतले तापमान ३६.५ अंशांच्या खाली जाऊ नये. नाळेतून मिळालेल्या रक्ताचा फायदा थंडीत घालवणे परवडणारे नाही.

थांबायला वेळच नाही म्हणून नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याची पद्धत आहे: साधारण २० सेंटिमीटर नाळ दोन बोटांत धरून बाळाकडे सावकाश सरकवायची, असे तीन-चार वेळा. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला हे अजिबात करू नका. २३ ते २७ आठवड्यांच्या बाळांमध्ये पिळण्याने मेंदूत गंभीर रक्तस्राव जास्त झाला आणि ती चाचणी त्याच कारणाने थांबवावी लागली. त्या वयात मेंदूतल्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की रक्ताचा एकदम आलेला लोंढा त्यांना सोसत नाही. २८ आठवड्यांच्या पुढे, थांबणे खरोखरच शक्य नसेल तेव्हा, हा पर्याय विचारात घेता येतो. थांबता येत असताना पिळण्याचे काही कारण नाही.

बाळ श्वास घेत नसेल

पुसा, पाठ दोन-तीनदा चोळा, तोंडात घट्ट काही अडकले असेल तर काढा. बहुतेक बाळे एवढ्यावर श्वास घेतात, आणि हे सगळे नाळ जोडलेली असतानाच होते. तरीही श्वास नसेल तर मिनिटाच्या आत बॅग-मास्कने हवा द्यायला सुरुवात झालीच पाहिजे. टेबल आईच्या शेजारी असेल आणि चमू सरावलेला असेल, तर नाळ न कापता हवा देता येते. तशी सोय नसेल तर नाळ कापा आणि बाळ हलवा. या ठिकाणी मिनिट पूर्ण करण्याचा हट्ट नको. हृदयाचे ठोके मिनिटाला ६० च्या खाली असून वाढत नसतील, तेव्हाही तसेच.

वार आधीच सुटून जोराचा रक्तस्राव होत असेल, नाळ तुटली असेल, वारेच्या वाहिन्या फाटून बाळाचेच रक्त जात असेल किंवा आईची प्रकृती एकदम ढासळली असेल, तर थांबायचे नाही. एकाच वारेवरच्या जुळ्यांमध्ये एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून तिथला निर्णय तज्ज्ञांनी आधीच घ्यावा. गर्भजलात बाळाची शी मिसळली आहे पण बाळ रडते आहे, किंवा आईला एचआयव्हीची लागण आहे, ही लवकर कापण्याची कारणे नाहीत.

दोन शंका

पहिली आईच्या रक्तस्रावाची. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी पूर्वी तीन गोष्टी एकत्र शिकवल्या जात: इंजेक्शन, नाळ लगेच बंद करणे आणि नाळ हलकेच ओढून वार काढणे. रक्तस्राव थांबतो तो मुख्यतः इंजेक्शनमुळे, नाळ लवकर कापण्याचा त्यात वाटा नाही. ३,९११ माता-बालकांचा समावेश असलेल्या १५ चाचण्यांच्या २०१३ च्या आढाव्यात उशिरा कापल्याने रक्तस्राव वाढल्याचे आढळले नाही.

दुसरी काविळीची, आणि ती रास्त आहे. त्याच आढाव्यात फोटोथेरपी (काविळीवरचा प्रकाशोपचार) लागलेली बाळे लवकर कापलेल्या गटात तीन टक्क्यांहून कमी आणि उशिरा कापलेल्या गटात पाच टक्क्यांहून कमी होती. फरक लहान, पण खरा. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या तासातच स्तनपान, दिवसातून ८ ते १२ वेळा पाजणे आणि घरी सोडण्याआधी बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) तपासणे. पहिल्या २४ तासांत अंग पिवळे दिसले तर वाट न पाहता तपासणी करा.

घरच्यांसाठी

हे बोलणे कळा सुरू होण्याआधी, तपासणीच्या वेळी करून ठेवा. ‘सगळे ठीक असेल तर नाळ किती वेळाने कापता?’, ‘सिझेरियन झाले तर थांबता का?’, ‘बाळ रडले नाही तर काय करता?’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. नाळेतले रक्त साठवण्याचा करार केला असेल तर एक स्पष्ट माहिती असू द्या. थांबल्यावर पिशवीत कमी रक्त जमते, कारण ते बाळाकडे गेलेले असते. पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर बंद करू देऊ नका. नाळेच्या रक्ताची वायू-तपासणी (त्यातले वायू आणि आम्लता मोजणे) हवी असेल तर ती थांबूनही करता येते, फक्त आम्लतेचे आकडे थोडे बदलतात हे वाचताना लक्षात ठेवावे.

केसपेपरवर जन्मवेळेखाली नाळ बंद केल्याची वेळ मिनिट आणि सेकंदांत लिहा. ‘उशिरा कापली’ एवढे लिहून काही कळत नाही. ‘२ मिनिटे १० सेकंद’ लिहिले की कळते. एक मिनिटाच्या आत कापली असेल तर शेजारी कारण लिहा. बाळाला पुढे कावीळ झाली किंवा अतिदक्षता विभागात जावे लागले, तर बालरोगतज्ज्ञ आधी हीच ओळ शोधतील.